लिंबची बारा मोटांची विहीर : कालनिर्णय, कोरीव शिल्पे आणि वाचनाची शिस्त

प्रास्ताविक

सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीर आता सहलींच्या कार्यक्रमात, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि शालेय भित्तिपत्रकांत सर्रास आढळते. तिच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या लेखनाचा बराचसा भाग एकाच मजकुराची पुनरावृत्ती आहे. विहिरीची खोली, व्यास, मोटांची संख्या, शिवलिंगासारखा आकार, बांधणाऱ्या विरूबाईंचे नाव आणि बांधकामाचा काळ एवढ्यावर तो मजकूर थांबतो. त्यातील काळ बहुतेक ठिकाणी चुकीचा दिलेला असतो. ही चूक आकड्यापुरती असती तर एका ओळीच्या दुरुस्तीने काम भागले असते. परंतु चुकीच्या सनामुळे ही वास्तू तिच्या निर्मातीपासून आणि तिच्या राजकीय पार्श्वभूमीपासून तुटली आहे. तिच्यावरील कोरीव शिल्पांचा अर्थही त्यामुळे भलतीकडे गेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रचलित वाचनाची तपासणी करून महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने काही मुद्दे मांडले आहेत.

वास्तूचे स्वरूप : विहीर, यंत्र आणि महाल

लिंब हे साताऱ्याच्या उत्तरेस, पुणे-बेंगळुरू महामार्गापासून थोडे आत, कृष्णाकाठचे गाव. येथील विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला एक लांबट भाग जोडलेला आहे. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेले की माणूस थेट पाण्यापाशी येतो. वर, कमानींच्या आधाराने, एक छोटा महाल उभारलेला आहे. विहिरीवर मोटांसाठी पंधरा जागा होत्या आणि एका वेळी बारा मोटा चालत, म्हणून ‘बारा मोटांची’ हे नाव पडले, असे सांगितले जाते. पाणी मुख्यतः आमराईसाठी होते.

ही वास्तू समजून घ्यावयाची तर मोट कशी चालत असे ते आधी समजले पाहिजे. कातड्याची मोट पाण्यात बुडे. जाड नाडा आणि बारीक सोंदूर अशा दोन दोरांनी ती चाकावरून वर येई. बैल धावेच्या उतारावर चालत जात आणि त्यांच्या ओढीने मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. थारोळ्यातून पाणी पाटाने बागेत जाई. याचा अर्थ प्रत्येक मोटेला काठावर स्वतंत्र जागा, मागे सरळ धाव, पुढे थारोळे आणि बैलांना परतण्यास मोकळी वाट लागते. बारा मोटा एकदम चालवावयाच्या तर बैलजोड्यांनी एकमेकींना अडवून चालणार नाही. अष्टकोनाच्या सरळ बाजू आणि त्याला जोडलेला लांबट भाग यांमुळे काठाची लांबी वाढते आणि मोटांची विभागणी करता येते. लहान गोल विहिरीवर ही सोय होत नाही.

अशा यंत्राच्या अगदी मध्यावर महाल आहे, हे या वास्तूचे वैशिष्ट्य होय. खाली बैलांच्या श्रमाने चालणारी शेतीची व्यवस्था आणि त्याच पाण्याच्या गारव्यात वर बैठकीची जागा. वतनी किंवा इनामी बागेतील अशा वास्तूला केवळ ‘विहीर’ म्हणणे अपुरे आहे. ती विहीर आहे आणि जलमहालही आहे. प्रचलित लेखन मोटांची संख्या सांगून महालाकडे वळते आणि ‘येथे खलबते होत’ असे एक वाक्य लिहून थांबते. पाण्याचा उपयोग आणि पाण्याचा उपभोग एकाच बांधणीत का आणले, हा प्रश्न विचारला जात नाही.

शके की इसवी सन?

अनेक माहितीपत्रकांत आणि लेखांत विहिरीचा काळ ‘इ.स. १६४१ ते १६४६’ असा दिलेला असतो. त्याच मजकुरात विरूबाई भोसले यांचा उल्लेख छत्रपती शाहू महाराजांच्या संदर्भात येतो. ही दोन विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. शाहू महाराजांचा जन्म इ.स. १६८२ चा. इ.स. १६४१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते, सातारा परिसर आदिलशाही अमलाखाली होता आणि विजापूरच्या तख्तावर मुहम्मद आदिलशाह होता. साताऱ्याच्या छत्रपतींचे घराणे त्या वेळी अस्तित्वातच नव्हते.

उलगडा सोपा आहे. १६४१ ते १६४६ हे इसवी सन नसून शालिवाहन शक आहेत. त्यांत ७८ मिळविले की इ.स. १७१९ ते १७२४ हा काळ येतो. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास १७०८ मध्ये झाला आणि विरूबाईंचे निधन १७४० मध्ये झाले. दोन्ही गोष्टी या काळाशी जुळतात. कोणीतरी एकदा ‘शके’ हा शब्द गाळला आणि पुढच्यांनी आकडा तसाच उतरविला. मजकुरातील अंतर्गत विसंगती कोणाच्या लक्षात आली नाही किंवा आली तरी दुरुस्त केली गेली नाही.

येथे अध्यापकांना उपयोगी पडणारा एक साधा ताळा आहे. जुन्या मराठी आणि संस्कृत लेखांत शकासोबत बहुधा संवत्सराचे नाव असते. शके १६४१ ला विकारी संवत्सर येतो आणि शके १६४६ ला क्रोधी. इ.स. १६४१ म्हणजे शके १५६३ ला मात्र वृष संवत्सर येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागले असता उरणारी बाकी प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक देते, एवढे सूत्र विद्यार्थ्यांना सांगितले तरी ते कोणत्याही लेखातील काळ स्वतः पडताळू शकतात.

दुसरा ताळा मराठी दप्तराचा आहे. शिवकाळापूर्वीपासून पेशवाईअखेरपर्यंत मराठी कागदपत्रांत शुहूर सन वापरला जात असे आणि त्याचे अंक अरबी शब्दांत लिहिले जात. मे १७१९ ते मे १७२० हे वर्ष शुहूर ११२० चे. दप्तरी भाषेत ते ‘अशरीन मया अलफ’ असे येते. म्हणजे वीस, शंभर आणि हजार. ज्या राज्यात ही विहीर बांधली गेली त्या राज्याचे कारकून वर्षे अशी मोजत होते. शालिवाहन शक, शुहूर, फसली, हिजरी आणि राज्याभिषेक शक अशा अनेक कालगणना एकाच समाजात एकाच वेळी चालू होत्या. यांपैकी कोणती वापरली आहे हे न पाहता केवळ आकडा उचलणे म्हणजे त्या समाजाच्या व्यवहाराकडेच पाठ फिरविणे होय.

विरूबाई कोण होत्या?

सन दुरुस्त झाला की निर्माती दिसू लागते. १६८९ मध्ये रायगड पडल्यानंतर येसूबाई आणि बालक शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंचे बालपण आणि तारुण्य औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत गेले. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांची ममतेने काळजी घेतली, याचा उल्लेख मराठी इतिहासलेखनात वारंवार येतो. त्यांचे विवाहही छावणीतच झाले. विरूबाई याच काळात त्यांच्या सहवासात आल्या असे सांगितले जाते. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूंची सुटका झाली. परतीच्या वाटेवर त्यांनी खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, असेही इतिहासकारांनी नोंदविले आहे. येसूबाई मात्र १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा, साताऱ्यास येऊ शकल्या. म्हणजे लिंबच्या विहिरीचे काम सुरू झाले तेच हे वर्ष.

विरूबाई विवाहित राणी नव्हत्या. तरी शाहूंच्या वाड्यातील कारभार त्यांच्या हाती होता आणि राण्यांसह सर्वजण त्यांचा मान राखीत. पुढे अक्कलकोट संस्थानाचे मूळ पुरुष ठरलेले फत्तेसिंह भोसले यांचा त्यांनी पुत्रवत सांभाळ केला. अशा स्त्रीने स्वतःच्या नावाने बाग, विहीर आणि महाल उभारणे ही त्या काळात सामान्य घटना नव्हे. तिच्या अधिकाराचा तो दगडी पुरावा आहे. चुकीच्या सनाने पहिली हानी केली ती येथेच. ‘इ.स. १६४१’ म्हटले की विरूबाई इतिहासातील व्यक्ती राहत नाहीत. त्या केवळ एक नाव उरतात.

या ठिकाणी गुजरातमधील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. अहमदाबादेतील असारवा येथील बाई हरीर वाव ही सुलतान महमूद बेगडा याच्या अंतःपुराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई हरीर हिने बांधली. तेथे संस्कृत आणि अरबी असे दोन्ही भाषांतील लेख आहेत. संस्कृत लेखात विक्रम संवत १५५६ आणि शके १४२१ अशा दोन कालगणना दिल्या असल्याने इ.स. १४९९ हा काळ निःसंशय ठरतो. वावेजवळ तिने मशीद बांधली आणि तिची कबरही तेथेच आहे. एक सुलतानाच्या आणि दुसरी छत्रपतींच्या वाड्यातील. दोघीही राणीपदाबाहेरच्या, दोघींच्या हाती वाड्याची व्यवस्था, आणि दोघींनी आपले नाव टिकविण्यासाठी पाण्याची वास्तू निवडली. दोन शतकांचे आणि दोन धर्मांचे अंतर असूनही हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. पाण्याचे दान हे पुण्यही होते आणि सवाबही. ज्या स्त्रियांना वंशावळीत स्थान नव्हते त्यांना पाणवठ्यावर ते मिळविता येत होते.

आकाराचा अर्थ

विहीर शिवलिंगाच्या आकाराची आहे, हे विधान बहुतेक लेखांत पहिल्याच परिच्छेदात येते. वरून पाहणाऱ्यास अष्टकोन आणि त्याला जोडलेला लांब भाग तसा दिसतो, आणि शिवभक्त बांधणाऱ्यांना त्यात समाधान वाटले असेल हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे विधान स्पष्टीकरण म्हणून पुरे पडत नाही. गोल किंवा बहुकोनी विहिरीला सरळ जिना जोडला की कोठेही असाच आराखडा तयार होतो.

अष्टकोनाला दख्खनमध्ये स्वतंत्र परंपरा आहे. अहमदनगरच्या निजामशाही काळातील हश्त बिहिश्त बाग आणि फराहबाग ही तिची ठळक उदाहरणे. हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग. त्या कल्पनेतून आलेली अष्टकोनी, पाण्याने वेढलेली विश्रामवास्तू इराणपासून दख्खनपर्यंत बांधली गेली. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबागेचा महाल मोठ्या तलावाच्या मध्यभागी उभा आहे. विजापूरजवळ कुमटगी येथे आदिलशाही काळातील जलविहाराच्या वास्तू आहेत, तर खुद्द विजापुरातील ताज बावडी १६२० ची असून तिच्या भोवती प्रवाशांच्या निवाऱ्याची सोय होती. लिंबच्या कारागिरांनी यांपैकी एखादी वास्तू पाहिली होती असे सिद्ध करण्याची गरज नाही. बागेच्या मध्यावर पाणी, पाण्यावर बैठक आणि बैठकीभोवती कमानी ही कल्पना तोवर दख्खनच्या सर्व दरबारांची सामाईक मालमत्ता झाली होती. मोगल छावणीत वाढलेल्या राजाला आणि तेथेच वावरलेल्या विरूबाईंना ती परकी नव्हती. शिवलिंग आणि हश्त बिहिश्त यांपैकी एक निवडा, असा आग्रह ही वास्तू स्वतः धरत नाही. तो वाचणाऱ्यांचा आहे.

वाघ आणि हत्ती

विहिरीतील कोरीव कामात वाघासारख्या पशूने हत्तींना जेरबंद केल्याचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. काहीजण या पशूला शरभ म्हणतात. महालाच्या खांबांवर देवता, स्वार, पशू आणि फुलांची नक्षी आहे. या वाघ-हत्ती शिल्पाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दक्षिणेच्या सत्तेने उत्तरेच्या सत्तेवर मिळविलेल्या विजयाचे ते प्रतीक होय. गंमत अशी की हे स्पष्टीकरण कधी कधी त्याच पानावर असते ज्यावर विहीर इ.स. १६४१ ची असल्याचे सांगितलेले असते. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ चा. म्हणजे शिल्प घडविल्यानंतर साठ वर्षांनी होणाऱ्या घटनेचे प्रतीक आधीच कोरून ठेवले होते असे मानावे लागेल.

सन दुरुस्त केला तरी हे स्पष्टीकरण टिकते का, हे पाहण्यास जंजिऱ्यास जावे लागते. सिद्दींच्या जंजिरा किल्ल्याच्या मुख्य दरवाजावर एका वाघाने सहा हत्ती पकडलेले आहेत : चार पायांत चार, एक शेपटीत आणि एक तोंडात. तेथे हेच शिल्प सिद्दींच्या पराक्रमाचे प्रतीक म्हणून सांगितले जाते. मराठ्यांनी कोरले तर मोगलांवरील विजय आणि सिद्दींनी कोरले तर इतर सर्वांवरील वर्चस्व, असे एकाच प्रतिमेचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले जातात. वस्तुतः शरभ आणि हत्तीची शिल्पे बहमनी, आदिलशाही, निजामशाही आणि मराठा अशा सर्व राजवटींच्या ताब्यात राहिलेल्या किल्ल्यांवर आढळतात. ती दख्खनमधील राजसत्तेची दरवाजावर लावण्याची मुद्रा होती. धनी बदलला तरी पाथरवटांची घराणी, त्यांच्या छिन्न्या आणि त्यांचे नमुने बदलत नव्हते. अशा प्रतिमेत विशिष्ट शत्रू शोधणे म्हणजे पाथरवटाच्या कामावर आजचा बातमीपत्रकार बसविणे आहे.

पुन्हा बसविलेले दगड आणि दुहेरी माप

कोरीव शिल्पांची चर्चा निघाली की पुनर्वापराचा प्रश्न येतोच. दख्खनमधील विहिरींच्या भिंतींत वीरगळ, सतीशिळा आणि पडक्या देवळांचे कोरीव तुकडे बसविलेले आढळणे नवीन नाही. घडविलेला दगड महाग होता. तो टाकून देण्याची ऐपत फार थोड्यांना होती. परंतु या पुनर्वापराचे मूल्यमापन करताना मराठीत दोन मापे वापरली जातात. मशिदीत जुन्या देवळाचा खांब दिसला की ती लूट. बारवेत जुन्या देवळाची शिळा दिसली की ते जतन. दोन्ही ठिकाणी दगड तोच, हात त्याच जातकुळीच्या पाथरवटांचे.

याचा अर्थ विध्वंस झालाच नाही असा नव्हे. दौलताबादेतील १३१८ ची कुत्बुद्दीन मुबारक खलजीच्या काळातील जामा मशीद जुन्या मंदिरांच्या खांबांवर उभी आहे, आणि तो विजेत्याचा हक्क सांगण्याचा प्रकार होता हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रत्येक पुनर्वापर त्याच जातीचा नसतो. सज्जनगडाच्या दरवाजात आदिलशाही काळातील फारसी लेख आहे. गड समर्थ रामदासांच्या वास्तव्याने तीर्थ झाला, तरी तो लेख कोणी उखडून टाकला नाही. जुना दगड कोठे अपमानासाठी पायरीत घातला जातो, कोठे अभिमानासाठी दर्शनी लावला जातो, कोठे केवळ सोयीसाठी भिंतीत चिणला जातो आणि कोठे आदराने जागच्या जागी ठेवला जातो. यांपैकी कोणता प्रकार आहे हे बांधणाऱ्याच्या धर्मावरून ठरत नाही. ते दगडाच्या जागेवरून ठरते.

त्यासाठी विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. शिळेची नक्षी कडेला मध्येच कापली गेली आहे काय? तिच्या दगडाचा रंग आणि पोत शेजारच्या दगडाशी जुळतो काय? सांधा मूळ घडणीचा आहे की चुन्याने भरून काढलेला? प्रतिमेचे तोंड बाहेर आहे, आत आहे की आडवे? ती नजरेच्या उंचीवर आहे की पायाखाली? हेच प्रश्न मशिदीपुढे, देवळापुढे आणि विहिरीपुढेही सारखेच विचारले गेले पाहिजेत. एका ठिकाणी पुरावा मागायचा आणि दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेवर भागवायचे, ही संशोधनाची रीत नव्हे.

अध्यापनाच्या दृष्टीने

विहिरींवरील इंग्रजी लेखन बराच काळ गुजरात आणि राजस्थानभोवतीच फिरत राहिले. पाटणची राणी की वाव २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली आणि २०१८ मध्ये शंभर रुपयांच्या नोटेवर झळकली. महाराष्ट्रातील बारवांची नोंद अलीकडे महाराष्ट्र बारव मोहिमेसारख्या लोकसहभागी प्रयत्नांतून होऊ लागली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नोंद करणाऱ्या उत्साही हातांना पडताळणीची सवय महाविद्यालयांनीच लावावयाची आहे.

विहिरीची नीट नोंद असणे ही केवळ कलेतिहासाची हौस नाही, हे इंदूरने दाखवून दिले. राजवाडा, छत्रीबाग आणि बडा गणपती ही इंदूरची ठिकाणे तेथील मराठी माणसाला तोंडपाठ असतात. त्याच शहरात पटेल नगरातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात जुन्या बावडीवर लादी टाकून जमीन तयार केली गेली होती. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीच्या गर्दीत ती लादी कोसळली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. विहीर बुजविली की पाणी जाते. विहीर झाकून तिची आठवण बुजविली की माणसे जातात.

शहरातील किंवा तालुक्यातील एक विहीर घ्यावी, तिचे मोजमाप करावे, तिच्यावरील लेख वाचून शकाचा ताळा करावा, मोटेची जागा आणि धाव ओळखावी, कोरीव दगडांची जागा आराखड्यावर दाखवावी, गावात सांगितली जाणारी कथा वेगळ्या रकान्यात लिहावी. कथेला पुराव्यापासून वेगळे ठेवणे म्हणजे कथेचा अनादर नव्हे. इतिहास, भूगोल, मराठी आणि उर्दू अशा चारही विभागांचे विद्यार्थी या कामात एकत्र येऊ शकतात. अरबी अंकांची नावे उर्दूच्या विद्यार्थ्याला येतात, मोडी अक्षर मराठीच्या विद्यार्थ्याला शिकता येते. दोघे शेजारी बसल्याशिवाय मराठी दप्तरातील तारीख पुरी वाचता येत नाही.

निष्कर्ष

लिंबची विहीर इ.स. १७१९ ते १७२४ या काळातील आहे. ती शाहूकालीन साताऱ्यात, मोगल कैदेतून परतलेल्या घराण्यात, राणीपद नसलेल्या पण अधिकार असलेल्या एका स्त्रीने उभारली. तिच्यात शेतीचे यंत्र आणि दरबारी जलमहाल एकत्र आले आहेत आणि तिची शिल्पभाषा दख्खनच्या हिंदू-मुस्लिम सर्व राजवटींनी वापरलेली आहे. ‘शके’ हा एक शब्द गळाल्याने हे सर्व झाकले गेले. माहितीफलकापासून पाठ्यटिपणापर्यंत जेथे जेथे ‘इ.स. १६४१’ छापलेले आहे तेथे तेथे तो शब्द परत बसविणे, हे या विहिरीच्या जतनाचे पहिले काम आहे. त्याला निधी लागत नाही; वर्गात एक तास पुरतो.